मागच्या चाकाला तेलाचा ओघळ : ॲक्सलचे सील कसे ओळखावे, कसे बदलावे



लागण, बेणे, खोडवा आणि खते या विषयांवर आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे. उसाचे टनेज वाढविणे हे जसे आमचे काम, तसा तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडला पाहिजे ही काळजीही आम्हालाच. ऊस तुटल्यापासून शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा असे आपण म्हणतो, ते उगाच नाही. तोडलेला ऊस तासातासाला वाळतो, त्याचे वजन घटते, आणि आतल्या साखरेचे विघटन होऊन उतारा खाली येतो. वजन घटले तर नुकसान ज्याचा ऊस त्याचे, आणि उतारा घटला तर नुकसान सर्वांचे, कारण दर ठरतो तो कारखान्याच्या उताऱ्यावर.

आता फडातून बरीचशी वाहतूक ट्रॅक्टर-ट्रॉलीने होते. तरीही आपल्या भागात जुने ट्रक अजून पुष्कळ आहेत. टाटाचे १२१० आणि १६१३, लेलँडचे कॉमेट. वर्षाचे सहा-सात महिने ही गाडी झाडाखाली उभी असते आणि बॉयलर पेटला की एकदम तिच्यावर पूर्ण भार येतो. मग अड्ड्यावर नंबरला उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेतून सहज चालत गेले, तरी दोन-चार गाड्यांच्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला काळा ओघळ दिसतोच. ड्रायव्हरला विचारावे तर उत्तर ठरलेले : "थोडं पाझरतंय साहेब, हंगाम झाला की बघू."

हे 'थोडे पाझरणे' कशावर पाझरते, ते कुणी बघत नाही. ते पाझरते ब्रेकच्या लायनरवर. भरलेली गाडी, उतार, रात्रीची वेळ आणि वर मोळ्यांवर बसलेली तोडणी टोळीची बायकामाणसे, हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे एका रबरी सीलचा हा विषय केवढा मोठा आहे ते कळेल. उसाच्या गाडीवर माणसे बसवूच नयेत, हा नियमही आहे आणि शहाणपणही. पण नियम मोडला जातो हे आपण सर्वच जाणतो.

आधी रचना समजून घेऊ

आपल्यापैकी जुन्या मंडळींनी बैलगाडी हाकलेली आहे. गाडीचा आख, त्यावर फिरणारा चाकाचा तुंबा आणि दोहोंमध्ये वंगण. वंगण बाहेर आले, तर धोतराला डाग पडण्यापलीकडे नुकसान नव्हते. ट्रकच्या मागच्या चाकाची मांडणी मुळात तीच आहे. आखाच्या जागी लोखंडी पोकळ नळी, म्हणजे ॲक्सलचे हाऊसिंग, आणि तुंब्याच्या जागी हब. हब दोन बेअरिंगांवर या नळीच्या टोकाभोवती फिरते आणि गाडीचे सगळे ओझे ही नळी व बेअरिंगे पेलतात. नळीच्या पोटातून जो लांब ॲक्सल शाफ्ट जातो, तो वजन पेलत नाही. मधल्या डिफरन्शियलकडून फिरण्याचा जोर घेऊन तो चाकाला देतो, एवढेच त्याचे काम. मिस्तरी लोक याला 'फुल फ्लोटिंग' म्हणतात. म्हणूनच चाक जमिनीवर असतानाही बाहेरचे नट सोडून शाफ्ट ओढून काढता येतो.

जीप, पिकअप अशा लहान गाड्यांची रचना पुष्कळदा वेगळी असते. तिथे चाक शाफ्टलाच धरलेले असते. खाली दिलेली रीत त्या गाड्यांना जशीच्या तशी लावू नये.

डिफरन्शियलमध्ये दाट गिअर ऑइल असते. ते शाफ्टच्या कडेने नळीतून चाकापर्यंत येऊ शकते. हबमध्ये बहुतेक जुन्या ट्रकांत ग्रीस भरलेले असते. काही गाड्यांत डिफरन्शियलचेच तेल बेअरिंगांनाही मिळते. हबच्या आतल्या तोंडाशी, म्हणजे ब्रेकच्या बाजूला, एक गोल सील बसविलेले असते. बाहेरून लोखंडी कडे, आत रबराची पातळ ओठासारखी कड आणि त्या कडेला आवळून धरणारी बारीक स्प्रिंग. हा रबरी ओठ फिरत्या आणि स्थिर भागांच्या मध्ये सतत टेकलेला राहतो व तेल-ग्रीस आत अडवितो. त्याच्या लगेच पलीकडे ब्रेकचे लायनर आणि ड्रम. बैलगाडीत आणि ट्रकमध्ये फरक पडतो तो इथेच.

गळते ते काय, आणि कुठून?

ओघळ दिसला की लगेच सील आणायला तालुक्याला पळू नये. प्रथम ती जागा डिझेलने पुसून स्वच्छ करावी, एक खेप करून यावे आणि मग चाकाखाली व डिफरन्शियलखाली रात्रभर वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवावा. सकाळी डाग कुठे पडला आणि कशाचा पडला हे पाहावे.

डाग दाट, काळपट आणि उग्र गंधकासारख्या वासाचा असेल, तर ते डिफरन्शियलचे गिअर ऑइल. चिकट, तार सुटणारा आणि गरम होऊन पातळ झालेल्या मलमासारखा असेल, तर हबचे ग्रीस. पाण्यासारखा पातळ, बोटाला बुळबुळीत आणि रंग उडविणारा असेल, तर ते ब्रेक ऑइल. मग दोष सीलचा नसून ब्रेकच्या व्हील सिलिंडरचा आहे. हा प्रकार ज्या गाड्यांना तेलाचे ब्रेक आहेत त्यांतच होतो. निव्वळ हवेच्या ब्रेकच्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. ब्रेकच्या कॅम शाफ्टला ग्रीस गनने जादा ग्रीस मारले, तर तेही आत लायनरवर जाते आणि दोष बिचाऱ्या सीलवर येतो.

आता जागा. चाकाच्या बाहेरच्या बाजूला, शाफ्टच्या तबकडीच्या नटांभोवती तेल असेल, तर तबकडीखालचे पॅकिंग गेले आहे किंवा नट ढिले आहेत. हे काम अर्ध्या तासाचे आहे. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या आतल्या गालावर आणि ब्रेकच्या पत्र्याच्या खालच्या कडेला ओघळ असेल, तर हबचे आतले सील गेले आहे. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे. आणि डिफरन्शियलच्या पुढच्या तोंडाशी, जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो तिथे तेल असेल, तर पिनियनचे सील गेले. ते काम कुशल मिस्तरीकडेच द्यावे, कारण तिथला नट चुकीचा आवळला तर क्राऊन-पिनियनचे नुकसान होते.

गळती किती हेही मोजून पाहा. दर पाच सेकंदांना एक थेंब म्हटले, तर दहा तासांत ७,२०० थेंब होतात. तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सुमारे पाव लिटर आणि दहा दिवसांत जवळजवळ अडीच लिटर. वरून तेल न घातल्यास डिफरन्शियल कोरडे पडते आणि क्राऊन-पिनियन जळते. घालीत राहिल्यास तेवढे तेल लायनरवर ओतले जाते. म्हणजे दोन्ही बाजूंनी घाटाच. "तेल टाकत राहू, हंगाम काढू" हा हिशेब कसाही मांडला तरी जमत नाही.

सील जाते कशाने?

रबर आहे, ते कधीतरी म्हातारे होणारच. उन्हात सहा महिने उभ्या राहिलेल्या गाडीत सीलचा ओठ कडक होतो आणि पहिल्या आठवड्यातच त्याला चिरा पडतात. पण नवे सील बसवूनही गळती थांबत नाही, अशी तक्रार पुष्कळ सभासद करतात. अशा वेळी सीलला दोष न देता पुढील कारणे पाहावीत.

पहिले कारण, कोंदलेला ब्रीदर. ॲक्सल हाऊसिंगच्या माथ्यावर अंगठ्याएवढी एक टोपी असते. तिच्यातून आतली हवा ये-जा करते. गाडी चालली की तेल तापते, आतली हवा फुगते आणि या वाटेने बाहेर जाते. ती टोपी चिखलाने, धुळीने किंवा रंगाच्या ब्रशने बुजली की आत दाब साठतो. मग हवा सर्वांत दुबळ्या जागेतून, म्हणजे सीलच्या ओठाखालून, तेलाला ढकलीत बाहेर पडते. आमच्या गटातील एका सभासदाच्या गाडीला एका महिन्यात तीन वेळा सील घातले गेले. तिन्ही वेळा चार दिवसांत पुन्हा ओघळ. शेवटी ब्रीदर खोलून पाहिला, तर आदल्या दसऱ्याला गाडी रंगविताना तो रंगाने पक्का बुजला होता. तो साफ केला, चौथे सील घातले आणि गळती थांबली. सीलच्या किमतीपेक्षा बुडालेल्या खेपा कितीतरी महाग पडल्या.

दुसरे कारण, ढिली बेअरिंगे. बेअरिंग झिजले किंवा नट सैल राहिला की हब डुलते. डुलणाऱ्या हबबरोबर सीलचा ओठ एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला उघडा पडतो. जादा भाराने हे लवकर होते, हे वेगळे सांगायला नको.

तिसरे कारण, सील ज्या कड्यावर घासते ते कडे. वर्षानुवर्षे ओठ एकाच जागी घासून लोखंडालाही खाच पडते. त्या खाचेवर नवे सील बसविणे म्हणजे फुटक्या पाटाला नवे दार लावण्यासारखे आहे.

चौथे कारण, तेल जादा भरणे. "जास्त असलेलं बरं" हा समज इथे चुकीचा आहे. गाडी सपाट जागी उभी करून, तेल खाली बसू देऊन, लेव्हलच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच तेल असावे.

पाचवे कारण आपल्या फडातले आहे. भरताना गाडी बांधाच्या कडेला एका अंगावर कलती उभी करतात आणि टोळी भरेपर्यंत तासन् तास ती तशीच राहते. डिफरन्शियलचे तेल खालच्या अंगाच्या नळीत उतरते आणि त्या बाजूच्या सीलवर ताटकळत बसते. एकाच बाजूचे सील वारंवार जात असेल, तर गाडी भरण्याची जागा बदलून पाहावी.

काम सुरू करण्यापूर्वी

हे काम रिकाम्या गाडीवर, सपाट आणि कठीण जमिनीवरच करावे. उसाच्या फडात, मऊ मातीत किंवा भरल्या गाडीखाली मुळीच करू नये. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे घट्ट लावावेत. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. "गाडी गिअरमध्ये आहे, कुठं जातीय" असे म्हणून कुणी विसंबू नये. मागचा एक शाफ्ट बाहेर काढला की गिअरचा चाकांवरचा धरबंद सुटतो, आणि ड्रम काढण्यासाठी हँडब्रेकही सोडावा लागतो. त्या वेळी गाडी थांबवून धरणारे ते ठोकळेच.

चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. आटे न पाहता जोर लावला तर नट सुटायच्या ऐवजी स्टड तुटतो. जॅक ॲक्सलच्या हाऊसिंगखाली लावून गाडी उचलावी आणि लगेच पाट्याजवळ हाऊसिंगखाली मजबूत लोखंडी स्टँड द्यावा. जॅक हा उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नव्हे. विटा आणि दगड यांचा आधार घेऊ नये. दगड फुटतो आणि फुटताना सांगत नाही. ज्या बाजूचे काम आहे ती बाजू थोडी उंच ठेवली, म्हणजे तेल दुसऱ्या अंगाला जाते व सांडत नाही.

ज्या गाड्यांना स्प्रिंगचे पार्किंग ब्रेक चेंबर आहेत, त्यांनी तो डबा खोलण्याच्या भानगडीत पडू नये. आतल्या स्प्रिंगचा जोर माणसाचा जीव घेण्याइतका असतो.

उघडण्याची रीत

दोन्ही चाके काढून बाजूला ठेवावीत. शाफ्टच्या तबकडीखाली घमेले ठेवून नट सोडावेत. तबकडी चिकटून बसली असेल, तर तिच्या मध्यावर तांब्या-पितळेच्या हातोडीने ठोके द्यावेत. कडेला छिन्नी घालू नये, कारण छिन्नीने पडलेली खाच पुढे गळतीची वाट होते. शाफ्ट सरळ ओढून काढावा, त्याचे दाते पिळवटलेले नाहीत ना ते पाहावे आणि तो स्वच्छ गोणपाटावर ठेवावा.

त्यानंतर ब्रेक ढिले करून ड्रम काढावा. काही गाड्यांत ड्रम हबबरोबरच निघतो. लॉक वॉशरची वाकविलेली कड सरळ करून बाहेरचा नट, वॉशर आणि आतला नट या क्रमाने सोडावे, आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवावे. हब ओढताना बाहेरचे बेअरिंग खाली पडते, ते एकाने हातात धरावे. हब जड असते. एकट्याने झेलायला जाऊ नये.

ड्रमच्या आत साठलेली काळी भुकटी फुंकू नये, आणि हवेच्या नळीनेही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन वर्षांनंतर असाध्य दुखणी देते. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके पुरून टाकावे. लहान मुलांना जवळ उभे करू नये.

नवे सील बसविताना

जुने सील काढून टाकण्यापूर्वी ते कोणत्या तोंडाने बसले होते ते पाहून ठेवावे आणि त्यावरचा नंबर लिहून घ्यावा. दुकानात "बाराशे दहाचं सील द्या" म्हणून चालत नाही. एकाच नावाच्या गाडीत निरनिराळ्या वर्षांचे हब येते. जुने सील बरोबर न्यावे आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी ही तिन्ही मापे जुळवून घ्यावीत.

बेअरिंगे डिझेलने धुवून वाळवावीत. हवेच्या झोताने ती गरगर फिरविण्याची पोरांना हौस असते. त्यात रोलर सुटून डोळ्यात जाऊ शकतो. रोलरवर खड्डे, खपल्या किंवा निळी झाक दिसली तर बेअरिंग टाकून द्यावे. बेअरिंगाचा कोन नवा घालून कप जुना ठेवणे ही काटकसर नव्हे. दोन्ही जोडीनेच बदलावेत.

आता सील ज्या कड्यावर घासते त्यावर नख आडवे फिरवावे. नख अडले, तर कडे बदलावे किंवा लेथवाल्याकडून त्यावर स्लीव्ह बसवून घ्यावी. हबमधील सीलची बैठक चिंधीने स्वच्छ पुसावी. टोकदार चरा असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासावा.

सीलचे तोंड महत्त्वाचे. ज्या बाजूला स्प्रिंग दिसते ती बाजू ज्याला अडवायचे त्याच्याकडे, म्हणजे तेल-ग्रीसकडे, असावी. उलटे बसलेले सील पहिल्याच खेपेला गळते. रबरी ओठाला तेलाचा हात लावावा आणि स्प्रिंगच्या खाचेत थोडे ग्रीस भरावे. कोरडे सील पहिल्या मैलातच जळते. बसविताना सीलवर थेट हातोडी मारू नये. त्याच मापाची सपाट तबकडी किंवा जुन्या बेअरिंगाचा कप वर ठेवून चारी बाजूंनी सारखे, हलके ठोकत ते सरळ बसवावे. तिरपे गेले तर काढून फेकावे आणि दुसरे घ्यावे. सीलच्या किमतीसाठी पुन्हा सगळे उघडणे परवडत नाही.

सीलमागे सुतळी गुंडाळणे, एकावर एक दोन सीले ठोकणे किंवा बाहेरून लांबी फासणे, हे उपाय कुणी सुचविले तरी करू नयेत. त्याने ओघळ दिसेनासा होतो, गळती राहतेच.

बेअरिंगाच्या रोलरांमध्ये ग्रीस तळहाताने दाबून पुरेपूर भरावे. हबची पोकळी मात्र ठासून भरू नये. तिथे भिंतीला थर पुरतो. जादा ग्रीस तापते, पातळ होते आणि सीलवर जोर करते. निरनिराळ्या जातींचे ग्रीस एकमेकांत मिसळू नये. जुने सगळे काढून एकाच जातीचे चांगले व्हील बेअरिंग ग्रीस भरावे.

हब चढविणे आणि नट आवळणे

हब चढविताना नळीच्या आट्यांवर कापड किंवा चिकटपट्टी गुंडाळावी, म्हणजे नव्या सीलचा ओठ आट्यांना लागून फाटत नाही. दोघांनी हब सरळ धरून आत सरकवावे. क्षणभरही त्याचे वजन सीलवर टांगू देऊ नये. नव्या सीलची निम्मी गळती याच घटकेला जन्माला येते. हब बसल्यावर आट्यांवरची गुंडाळी काढण्यास विसरू नये.

आतला नट आवळताना हब हाताने फिरवीत राहावे, म्हणजे रोलर जागेवर बसतात. फिरायला जड लागले की नट कंपनीच्या पुस्तकात दिला असेल तेवढा मागे घ्यावा. शेवटी हब हाताने मोकळे फिरले पाहिजे आणि वरखाली धरून हलविले तर खडखडता कामा नये. राहणारी ढिलाई सर्वसाधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला जेमतेम कळते. जादा आवळले तर बेअरिंग तापून जाम होते, सैल ठेवले तर नवे सीलही जाते. मग लॉक वॉशर व बाहेरचा नट लावून वॉशरची कड वाकवावी. जुना, तडकलेला वॉशर पुन्हा वापरू नये. चाक रस्त्यावर निसटून जाण्याचे प्रकार होतात, ते अशाच चार पैशांच्या वॉशरपायी.

शाफ्ट घालताना तबकडीखाली नवे पॅकिंग द्यावे आणि नट समोरासमोरचे घेत सारखे आवळावेत.

लायनरचे काय करायचे?

तेल प्यालेल्या लायनरवर पेट्रोल ओतून पेटवायचे आणि 'साफ झाले' म्हणायचे, ही रीत अजून चालते. ती बंद झाली पाहिजे. लायनर वरून कोरडे दिसते, पण तेल आत मुरलेले असते. उतारावर ब्रेक तापले की ते पुन्हा वर येते, म्हणजे नेमके ज्या क्षणी ब्रेकची गरज त्याच क्षणी. शिवाय जाळलेले लायनर ठिसूळ होऊन तुटते. तेल लागलेले लायनर बदलावेच, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदलावे. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने असले की ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. भरलेल्या गाडीला हा झटका पुरेसा आहे. ड्रम ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या गरम पाण्याने धुवून कोरडा करावा. डिझेलने पुसल्यास तेलकटपणा राहतो.

काम झाल्यावर

ब्रीदर खोलून धुवावा आणि तोंडाने फुंकून हवा आरपार जाते का ते पाहावे. गाडी सपाट उभी करून तेलाची लेव्हल करावी. तेल पुस्तकात दिलेल्याच ग्रेडचे घालावे. जुन्या तेलाचा रंग दुधाळ दिसला, तर आत पाणी गेले आहे असे समजावे. तापलेली गाडी ओढ्यात घातली की हाऊसिंग एकदम थंड होते आणि पाणी आत ओढले जाते. असे तेल सर्व काढून टाकावे. काढलेले तेल पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे जुळवून गाडी आधी रिकामी चालवून पाहावी. दहा-पंधरा किलोमीटरनंतर हबजवळ हाताची मागची बाजू न्यावी. दोन्ही हब सारखेच कोमट असावेत. एकच हब चटका देत असेल, तर नट जादा आवळला गेला आहे किंवा ब्रेक घासतो आहे. पहिल्या खेपेनंतर चाकाचे व शाफ्टचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

ज्यांना एवढे काम घरी करणे शक्य नाही, त्यांनी ते मिस्तरीकडे द्यावे. त्यात कमीपणा नाही. पण उभे राहून चार प्रश्न विचारावेत : ब्रीदर साफ केला का? कड्यावर नख फिरविले का? लायनर बदलले की जाळले? लॉक वॉशर नवा घातला का? चांगला मिस्तरी या प्रश्नांनी रागावत नाही.

हंगामाआधी करावयाचे

आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग करून घ्यावे लागते. त्या निमित्ताने गाडी उघडतेच. त्याच वेळी मागच्या दोन्ही हबांचे ग्रीसिंग, सील आणि लायनर यांची तपासणी उरकून घ्यावी. सीलची एक जोडी, तबकडीचे पॅकिंग आणि दोन लॉक वॉशर गाडीत ठेवावेत. ड्रायव्हर-क्लीनरने रोज सकाळी निघताना गाडीभोवती एक फेरी मारावी आणि चारही मागच्या टायरांचे आतले गाल बॅटरीच्या उजेडात पाहावेत. या फेरीला पाच मिनिटे लागतात. भरलेली गाडी रस्त्यात बसली, तर दुसरी गाडी येऊन मोळ्या पालटेपर्यंत दिवस जातो आणि ऊस वाळतो तो वेगळाच.

सभासद बंधूंना आमची एवढीच विनंती, की ओघळ दिसलेली गाडी भरू नये. मुकादमाने घाई केली, नंबर जाईल म्हणून ड्रायव्हर कुरकुरला, तरी भरू नये. स्लीपबॉयकडे किंवा गट ऑफिसात कळवावे, म्हणजे त्या फडासाठी दुसऱ्या गाडीची खटपट करता येईल. गेलेली खेप दुसऱ्या दिवशी भरून निघते. ब्रेक न लागलेल्या गाडीने जे नेले, ते मात्र कोणत्याही हंगामात परत येत नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग